वीस अंशांवर

ड्रॉइंग आलं मंगळवारी. तीन पानं,
आणि सोबत एक गुळगुळीत पुस्तिका
कॅनडातल्या कुठल्याशा गोदीची,
जिथं जहाजं बांधतात आणि बिघडलेली उचलून घेतात.
आमच्याकडून हवा होता एकच भाग:
सुकाणूच्या दांड्याचा ब्राँझचा बुश,
आतला व्यास चारशे बारा, सूट पाच शतांश.
खाली बारीक अक्षरात: मापं वीस अंशांवर घ्यावीत.

वीस अंश. वाळूजमध्ये. मे महिन्यात.
काबराशेठ हसले,
मग ऑर्डरचा आकडा पुन्हा वाचून गप्प झाले.

मच्छिंद्र लिंबोरेनं सहा दिवस लेथवर काढले.
दुपारी मी मायक्रोमीटर लावला
तर सतरा शतांश जास्त.
संध्याकाळी लावला, तेरा.
धातू श्वास घेत होता पत्र्याच्या शेडखाली,
आणि मला दर तासाला नवा आकडा लिहावा लागत होता,
आधीचा खोडून.

एसी आख्ख्या कारखान्यात एकच, शेठच्या केबिनमध्ये.
चौघांनी ट्रॉली ढकलली.
सव्वाशे किलोचा बुश शेठच्या टेबलाशेजारी,
लक्ष्मीच्या फोटोखाली, ओल्या पोत्यावर.
लाइट गेली. जनरेटर लावला. पुन्हा आली.
थंड व्हायला वेळ होता, म्हणून पुस्तिका उघडली
आणि मच्छिंद्रला मराठीत सांगत बसले:

पोटाचे पत्रे कापून नवे बसवतात.
पंखा उतरवून, तोलून परत देतात.
बर्फ फोडणाऱ्या जहाजाला नवं नाक लावतात,
बाहेर सगळं गोठलेलं असताना, छपराखाली.
आणि ही त्यांची कोरडी गोदी:
जहाज आत घेतात, दार लावतात, पाणी उपसून टाकतात.

"पाणी काढून टाकतेत? मुद्दाम?"
हो.
"किती?"
लिहिलेलं होतं. पण तो आकडा
मला त्याला सांगवेना. त्याच्या गल्लीत
नळाला पाणी आठव्या दिवशी येतं.

फोटोत जहाज ओंडक्यांवर उभं,
खाली एक माणूस तिळाएवढा, मान वर करून.
मच्छिंद्रनं फोटो जवळ घेतला.
"आमच्या तात्याचं बी हेच काम," म्हणाला,
"फक्त त्येला पंप लागत न्हाई."

मग कळलं. पैठणला, नाथसागर उतरला की
आसाराम लिंबोरे भेगाळल्या गाळावर होड्या पालथ्या घालतात,
तेलाच्या डब्यांचे पत्रे ठोकतात,
डांबर कढवतात, सांध्यांत भरतात,
आणि पाणी पुन्हा वर यायच्या आत सगळं उरकतात.
यंदा चौदा होड्या. मागल्या साली नऊ,
कारण पाणी सरलंच नव्हतं.
उधारीची वही नाही. माप नाही.
सांध्यावर कान ठेवून ते बोटानं टिचकी मारतात.

रात्री सव्वाअकराला तापमापक वीसवर आला.
मी माप घेतलं, एकदा, मग तीनदा.
चारशे बारा आणि तीन शतांश.
मच्छिंद्रनं वाकून बुशावर कान ठेवला, टिचकी मारली.
मी रिपोर्टात ते लिहिलं नाही,
तसा रकानाच नव्हता.

खोका न्हावाशेवाला गेला. पावसाळा, दसरा,
मग दिवाळीनंतर एका ओळीचं पत्र:
बसवला. जहाज बाहेर पडलं.
कोणतं जहाज, कुठं, काही नाही.

मच्छिंद्रनं ते फोनवरून तात्यांना सांगितलं,
माझ्यासमोर, स्पीकर लावून.
पलीकडे वारा, कुणीतरी जाळं झटकत होतं.
म्हातारा बराच वेळ बोलला नाही.
मग विचारलं, "आन् पाणी आत येतंय का?"

शेठनं माझ्याकडं पाहिलं, मी मच्छिंद्रकडं.
पुस्तिकेत शेवटच्या पानावर पत्ता आहे, फोन नंबर आहे.
तिकडं आत्ता रात्र असेल.